बिनजमिनीचे राजदूत

मागच्या महिन्यात ऑफिसमध्ये फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं. प्रत्येक मजल्यावरून चार-पाच बकरे पकडून नेतात, त्यात यावेळी माझा नंबर लागला. दिवसभर प्लास्टिकच्या पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन हात भरून आले, त्रिकोणी बँडेज बांधता बांधता दोनदा स्वतःचाच अंगठा गाठीत अडकला, आणि शेवटी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं सर्टिफिकेट हातात पडलं. त्यावर एक आठ टोकांचा क्रूस होता. हे चिन्ह आपण कुठेतरी पाहिलंय, आणि ते हॉस्पिटलशी नाही तर चिलखत घातलेल्या लोकांशी संबंधित आहे, असं सारखं वाटत राहिलं. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन शोधायला बसलो आणि... वीकएंड संपला. त्याचा हा वृत्तांत.

तर, आपल्याकडची सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही इंग्रजांची देणगी. १८७७ मध्ये इंग्लंडात तिची सुरुवात झाली, आणि तिच्यामागची जी ब्रिटिश ऑर्डर आहे तिला १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने सनद दिली. पण हा क्रूस तिचा स्वतःचा नव्हे. तो आहे एका खूप जुन्या कॅथलिक धर्मसंघाचा, ज्याची इंग्लंडमधली शाखा आठव्या हेन्रीने १५४० मध्ये बंद करून टाकली होती. तीनशेहून अधिक वर्षांनी इंग्रजांनी तेच नाव, तेच चिन्ह घेऊन एक नवी, स्वतंत्र संस्था उभी केली. मूळचा धर्मसंघ मात्र कधी बंद पडलाच नाही. तो आजही आहे, रोममध्ये. त्याचं लांबलचक नाव आहे 'जेरुसलेमच्या, ऱ्होड्सच्या आणि माल्टाच्या सेंट जॉनची सार्वभौम लष्करी रुग्णसेवी ऑर्डर'. आपण सोयीसाठी 'माल्टाची ऑर्डर' म्हणू.

नावातल्या 'सार्वभौम' या शब्दावर मी अडखळलो. आधी वाटलं की जुन्या संस्थांना असतो तसा हा नुसता बडेजाव असेल. पण नाही! या ऑर्डरचे ११० पेक्षा जास्त देशांशी रीतसर राजनैतिक संबंध आहेत. तिचे राजदूत आहेत, ते त्या त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्रं सादर करतात. ती स्वतःचे पासपोर्ट काढते (राजनैतिक पासपोर्ट, जेमतेम पाचशेच्या आसपास). स्वतःची टपाल तिकिटं काढते, स्कुडो नावाची स्वतःची नाणी पाडते. तिच्या गाड्यांना स्वतःच्या नंबरप्लेट असतात. १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांत तिचा कायम निरीक्षक बसतो.

आणि या सगळ्यात तिच्याकडे देश नाही. म्हणजे अगदी व्हॅटिकनएवढासुद्धा नाही! रोममध्ये कोंदोत्ती रस्त्यावर एक वाडा आहे (आजूबाजूला महागड्या हँडबॅगांची दुकानं) आणि अव्हेंटाइन टेकडीवर एक बंगला. इटलीने या दोन इमारतींना दूतावासासारखं संरक्षण दिलंय, इतकंच. पायाखालची जमीन इटलीची.

हे मी माझ्या रूममेटला सांगितलं तेव्हा त्याने टीव्हीवरून नजरही हलवली नाही. म्हणाला, "नाटक आहे रे सगळं. युरोपातल्या रिकामटेकड्या सरदारांचा क्लब. उद्या पोप म्हणाला बंद करा, की बंद."

मला त्याचं बोलणं लागलं, कारण मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढचा दीड दिवस मी ते उत्तर शोधत होतो असं म्हटलं तरी चालेल.

आधी हे पाहू की देश म्हणजे काय. १९३३ चा माँटेव्हिडिओ करार यासाठी नेहमी दाखवतात. त्यात राज्याच्या चार अटी आहेत : कायमची लोकसंख्या, ठरलेली भूमी, सरकार, आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. माल्टाच्या ऑर्डरकडे यातल्या शेवटच्या दोनच आहेत. चारात दोन, म्हणजे काठावर पास सुद्धा नाही. आणि म्हणूनच ऑर्डर स्वतःला 'राज्य' म्हणवतच नाही. ती म्हणते, आम्ही आंतरराष्ट्रीय कायद्यातली एक सार्वभौम व्यक्ती आहोत.

आता याच्या उलट उदाहरण घ्या, तैवान. आपण हे वाचतोय त्या यंत्रातली चिप बहुतेक तिथेच बनली असेल. दोन कोटींपेक्षा जास्त माणसं, बेट, सैन्य, निवडणुका, चलन, सगळं आहे. आणि त्याला देश म्हणून रीतसर मान्यता देणारे देश किती? डझनभर! म्हणजे ज्याच्याकडे चारही गोष्टी आहेत त्याला बारा जण ओळखतात आणि ज्याच्याकडे दोनच आहेत त्याला शंभरावर. यात उघडच तर्क कमी आणि राजकारण जास्त आहे. तैवानला ओळखलं की चीन रागावतो. माल्टाच्या ऑर्डरला ओळखलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. पण 'काही बिघडत नाही' एवढ्या कारणाने कोणी दोनशे वर्षं टिकत नाही. मग ही टिकली कशी?

त्यासाठी मागे जावं लागतं. चांगलंच मागे.

अकराव्या शतकाच्या मध्यावर इटलीतल्या अमाल्फी या बंदराच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक रुग्णालय काढलं. ऑर्डर स्वतः १०४८ हे साल सांगते. तेव्हा जेरुसलेम मुसलमानांच्या ताब्यात होतं आणि रुग्णालय त्यांच्या परवानगीने चालत होतं. १०९९ मध्ये पहिल्या क्रूसेडने शहर जिंकलं, ते भयानक कत्तल करून. त्यावेळी रुग्णालयाचा प्रमुख जेरार्ड नावाचा एक संन्यासी होता. १५ फेब्रुवारी १११३ रोजी पोप दुसरा पास्काल याने त्याच्या नावे एक आज्ञापत्र काढलं. या रुग्णालयाला पोपचं थेट संरक्षण मिळालं, आणि त्याचा प्रमुख रुग्णालयाचे लोक स्वतः निवडतील, बाहेरच्या कोणाची त्यात लुडबूड चालणार नाही, असं त्यात लिहिलंय.

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. 'सार्वभौम' हा शब्द तेव्हा कोणी वापरला नसेल, पण स्वतःचा प्रमुख स्वतः निवडणं हे बीज इथलं. आणि हे मिळालं तेव्हा ऑर्डरकडे राज्य नव्हतं. होत्या त्या खाटा.

पुढे जेरार्डनंतर आलेल्या रेमों द्यु प्वी याच्या काळात नियमावली झाली. तिच्यात रुग्णाला 'धनी' मानलंय आणि सेवा करणाऱ्याला चाकर. १२ व्या शतकातली वर्णनं सांगतात की तिथे मुसलमान आणि ज्यू रुग्णांनाही घेत असत. पण त्याच काळात ऑर्डरने शस्त्रही उचललं. यात्रेकरूंचं रक्षण करता करता हे लोक पक्के लढवय्ये झाले. सीरियातला क्राक दे शेव्हालिए हा अजस्र किल्ला त्यांचाच. एका हाताने मलमपट्टी आणि दुसऱ्या हाताने तलवार, असं ते विचित्र मिश्रण होतं.

१२९१ मध्ये एकर पडलं आणि ख्रिस्ती नाइट लोकांना पॅलेस्टाइन सोडावं लागलं. ऑर्डर आधी सायप्रसला गेली, मग तिने ऱ्होड्स बेट जिंकलं. १३१० पासून ऱ्होड्स हे तिचं घर झालं. इथे पहिल्यांदा ती खऱ्या अर्थाने राज्य झाली. आरमार, नाणी, इतर दरबारांत वकील, सगळं आलं. १११३ ते १३१० म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं आधी संस्था आणि मग जमीन! आपल्या भाषेत सांगायचं तर जमीन हे दुसऱ्या व्हर्जनमध्ये आलेलं फीचर होतं. पहिलं व्हर्जन तिच्याशिवायच चालत होतं.

१४८० मध्ये ऑटोमन वेढा त्यांनी परतवला. १५२२ मध्ये मात्र सुलतान सुलेमान स्वतः आला. सहा महिने लढून ऑर्डरने बेट सोडलं आणि १ जानेवारी १५२३ रोजी सुलेमानच्या परवानगीने, सामानसुमान घेऊन, सन्मानाने जहाजात बसली. पुढची सात वर्षं बिऱ्हाड पाठीवर. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा दिलं. भाडं होतं दरवर्षी एक ससाणा. (पुण्यात फ्लॅट शोधणाऱ्यांनी हा दर लक्षात ठेवावा.) १५६५ मध्ये तिथेही ऑटोमन आरमार आलं, चार महिन्यांचा प्रचंड वेढा पडला, आणि ऑर्डर टिकली. तेव्हाचा ग्रँड मास्टर ज्याँ द व्हालेत याच्या नावाने वसवलेलं शहर म्हणजे आजची माल्टाची राजधानी व्हॅलेटा.

व्हॅलेटामधलं रुग्णालय युरोपात गाजलेलं होतं. त्याचा मोठा कक्ष १५५ मीटर लांब आहे, आजही पाहता येतो. रुग्णांना जेवण चांदीच्या ताटवाट्यांतून मिळे. वाचताना भारावून जायला होतं, पण त्याच बेटावर गुलामांचा तुरुंगही होता. ऑर्डरची वल्ह्यांची जहाजं भूमध्य समुद्रात मुसलमानी जहाजांवर धाडी घालत, माणसं पकडत, आणि त्यातलेच कित्येक साखळदंडात बांधून ती वल्ही मारत. १७४९ मध्ये गुलामांनी उठावाचा कट केला, तो उघडकीस आला आणि चिरडला गेला. रुग्ण हा धनी, हे ज्यांच्या नियमात लिहिलेलं त्यांच्याच जहाजांवर वल्ह्याला जखडलेली माणसं होती. राज्य चालवायला लागलं की हे येतंच, असं म्हणून सोडून देता येईल. मला ते सोडून देता येत नाही.

आणि मग १७९८. इजिप्तकडे निघालेला नेपोलियन जूनमध्ये माल्टासमोर आला. पाणी भरायला बंदरात येऊ द्या म्हणाला, आणि बेटच घेतलं. बरेच नाइट फ्रेंच होते. शिवाय ख्रिश्चनांशी लढायचं नाही असा ऑर्डरचा नियम. ग्रँड मास्टर होम्पेश याने फारशी लढाई न करता शरणागती पत्करली. १५६५ च्या वेढ्यात चार महिने झुंजलेली ऑर्डर यावेळी काही दिवसांत आटोपली. रुग्णालयाची चांदीही फ्रेंचांनी वितळवली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. त्या काळात युरोपातली कितीतरी छोटी राज्यं अशीच पुसली गेली आणि परत दिसली नाहीत.

पण पुढची काही वर्षं म्हणजे निव्वळ धमाल आहे. काही नाइट रशियाला गेले आणि त्यांनी झार पहिला पॉल यालाच ग्रँड मास्टर निवडलं! झार ऑर्थोडॉक्स पंथाचा, त्यात विवाहित, आणि ही कॅथलिक संन्याशांची ऑर्डर. पोपने काही त्याला मान्यता दिली नाही. १८०१ मध्ये झारचा खून झाला आणि तो अध्याय संपला. दरम्यान माल्टाच्या लोकांनी फ्रेंचांविरुद्ध बंड केलं, इंग्रज मदतीला आले आणि १८०० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेलं. १८०२ च्या आमियाँ तहात स्पष्ट लिहिलं होतं की माल्टा ऑर्डरला परत द्यायचं. इंग्रजांनी दिलं नाही. (इंग्रजांनी एकदा घेतलेलं परत दिलं नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.) १८१४ च्या पॅरिस तहाने ते ब्रिटनचंच ठरलं.

मधेच १८०६ मध्ये स्वीडनच्या राजाने गॉटलंड हे बेट देऊ केलं होतं. माल्टाहून कितीतरी मोठं, बाल्टिक समुद्रातलं. ऑर्डरने नाही म्हटलं! गॉटलंड घेतलं तर माल्टावरचा हक्क सोडल्यासारखं होईल म्हणून. मला हे वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आपल्याकडे भाऊबंदकीत वडिलोपार्जित वाड्याच्या नादात चांगला प्लॉट हातचा घालवणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात, तसंच झालं हे. शेवटी वाडाही गेला. मेसिना, कातानिया, फेरारा असं फिरत फिरत १८३४ मध्ये ऑर्डर रोमला येऊन स्थिरावली. ग्रँड मास्टर निवडण्याइतकीही ताकद उरली नव्हती. १८०५ ते १८७९ ती हंगामी प्रमुखांवर चालली.

पण रोममध्ये आल्यावर तिने काय केलं? आरमार नाही, बेट नाही, गुलाम नाहीत. उरलं होतं ते पहिलं व्हर्जन. ती परत रुग्णालयाकडे वळली. युद्धात जखमींसाठी इस्पितळं, रुग्णवाहिका, रुग्णांसाठी रेल्वेगाड्या अशी कामं सुरू झाली. आणि काही दरबारांनी, त्यात ऑस्ट्रिया महत्त्वाचा, तिच्याशी जुने संबंध चालू ठेवले. रिकाम्या हाताने आलेल्या पाहुण्याला जुन्या ओळखीवर दारात उभं करावं तसं. या धाग्यावर सार्वभौमत्व लोंबकळत राहिलं.

विसाव्या शतकात त्या धाग्याचा दोर झाला. १९३५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ऑर्डरचं सार्वभौमत्व मान्य केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर एक भन्नाट प्रकार झाला. १९४७ च्या शांतता तहाने इटलीच्या हवाई दलावर मर्यादा घातल्या, तेव्हा इटलीने आपली काही विमानं कागदोपत्री माल्टाच्या ऑर्डरच्या नावावर केली! त्यांवर ऑर्डरची चिन्हं रंगवली. एक इंच भूमी नसलेल्या संन्याशांच्या संघटनेचं हवाई दल. रुग्णांना आणि यात्रेकरूंना नेण्याचं काम त्या विमानांनी केलंही. पण ही पळवाट होती हे कोणीही सांगेल, आणि रूममेटच्या 'नाटक' या शब्दाला इथे मी मान डोलावली.

मग १९८९ चा बुडापेस्ट वाचला आणि डोलावलेली मान थांबली.

त्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीतले हजारो लोक सुट्टीच्या नावाखाली हंगेरीत येऊन थांबले होते. पश्चिमेला जायचं होतं पण सीमा बंद. बुडापेस्टमधल्या पश्चिम जर्मनीच्या कचेरीत इतकी गर्दी झाली की तिला दारं बंद करावी लागली. तेव्हा ऑर्डरच्या तिथल्या सेवासंस्थेने, जी काही महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती, १४ ऑगस्टला झुगलिगेत भागातल्या एका चर्चच्या आवारात तंबू ठोकले. चर्चचे पाद्री होते इम्रे कोझ्मा. तंबू भरले की आणखी तंबू. ११ सप्टेंबरला हंगेरीने सीमा उघडली. छावणी नोव्हेंबरपर्यंत चालली आणि तोवर सुमारे ४८ हजार लोक तिथून गेले. बर्लिनची भिंत पडली ती सीमा उघडल्यानंतर. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, हंगेरीने ऑर्डरशी राजनैतिक संबंध जोडले.

इथे क्रम बघा. आधी तंबू, मग राजदूत. पूर्व युरोपातल्या आणि जुन्या सोविएत संघातल्या अनेक देशांनी त्या दशकात असेच संबंध जोडले. त्यातून दोन्ही बाजूंना मिळतं ते अगदी व्यावहारिक असतं. संस्थेचा डॉक्टर आणि राजदूत यांत फरक असा की संस्था परवानगी मागते, राजदूत करार करतो. औषधांचा कंटेनर कस्टममध्ये तीन आठवडे पडून राहणार की तीन दिवसांत सुटणार, हा प्रश्न तिथे फार मोठा असतो. ज्याच्याकडे सीमा नाही, तेल नाही, सैन्य नाही, त्याच्याशी भांडण कशावरून करणार? बेथलेहेममध्ये १९९० पासून ऑर्डर प्रसूती रुग्णालय चालवते. अशा ठिकाणी कोणाच्याच बाजूचं नसणं ही चैन नसते, त्याशिवाय काम होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ऑर्डरला निरीक्षक केलं तेव्हाही तिला व्हॅटिकनसारख्या 'सदस्य नसलेल्या राज्यां'च्या रांगेत बसवलं नाही. बसवलं ते आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या रांगेत. मला हे फार नेमकं वाटतं. सगळ्यांनाच हे मान्य आहे असंही नाही. अमेरिका, ब्रिटन, चीन आणि आपला भारत यांचे ऑर्डरशी असे संबंध नाहीत. आणि 'माल्टाचे नाइट' असल्याचं सांगून पदव्या आणि पासपोर्ट विकणाऱ्या बोगस ऑर्डरीही बाजारात आहेत. कोणी दिलंच तर घेऊ नका :)

आता रूममेटचा दुसरा प्रश्न. पोप म्हणाला बंद करा, तर?

हा प्रश्न त्याने सहज फेकला होता, पण खरा घाव तोच आहे. ११११ नव्हे, ११२० नव्हे, १११३ च्या त्या आज्ञापत्रावर सही कोणाची होती? पोपची. ऑर्डर सार्वभौम आहे आणि त्याच वेळी ती कॅथलिक चर्चमधली धर्मसंस्था आहे. तिचा एक राजदूत पोपकडेही असतो, म्हणजे ज्याच्या आज्ञेत राहायचं त्याच्याकडेच परराष्ट्र म्हणून वकील पाठवायचा! ऑर्डरच्या साडेतेरा हजार सदस्यांपैकी बहुतेक जण साधे संसारी लोक. पण प्रमुख मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेला संन्यासी असावा लागतो. सार्वभौम प्रमुख, ज्याने आज्ञापालनाची शपथ घेतलीय. कोडमध्ये असं कोणी लिहिलं तर रिव्ह्यूमध्येच उडवतील.

हा बग दोनदा फुटला. पहिल्यांदा १९५० च्या सुमारास. व्हॅटिकन आणि ऑर्डर यांच्यात वाद पेटला, पोप बाराव्या पायसने कार्डिनलांचं न्यायमंडळ नेमलं, आणि त्याने २४ जानेवारी १९५३ रोजी निकाल दिला : सार्वभौमत्व आहे, पण ते कामापुरतं. ऑर्डरची उद्दिष्टं पार पाडायला लागेल तेवढंच. धर्मसंस्था म्हणून ती पोपच्या अधिकाराखाली.

दुसऱ्यांदा २०१६ च्या डिसेंबरात. ऑर्डरच्या मदतसंस्थेने म्यानमारमध्ये एचआयव्ही रोखण्याच्या कामात कंडोम वाटले होते, यावरून ग्रँड मास्टर मॅथ्यू फेस्टिंग यांनी ग्रँड चॅन्सेलर, म्हणजे एका अर्थी परराष्ट्रमंत्री, आल्ब्रेख्ट फोन ब्योझेलागर यांना पदावरून काढलं. ब्योझेलागरांनी आरोप मानले नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी चौकशी समिती नेमली. फेस्टिंग म्हणाले, हा आमचा सार्वभौम अंतर्गत मामला आहे, बाहेरच्यांनी पडू नये. म्हणजे बरोबर १११३ चं वाक्य, पण पोपलाच ऐकवलेलं! पोपनी त्यांना भेटायला बोलावलं आणि राजीनामा मागितला. फेस्टिंगनी दिला. तारीख होती २४ जानेवारी २०१७. ब्योझेलागर परत पदावर आले.

नेपोलियनला तोफा घेऊन यावं लागलं होतं. इथे एक भेट पुरली.

२०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ऑर्डरची नवी घटनाच जारी केली आणि तिचं शासक मंडळ बरखास्त केलं. ग्रँड मास्टर सरदार घराण्यातलाच हवा ही अट गेली, तहहयात पदाऐवजी दहा वर्षांची मुदत आली. मे २०२३ मध्ये कॅनडाचे वकील जॉन डनलप निवडून आले. आणि या सगळ्यात शंभरावर देशांनी आपले संबंध तसेच ठेवले.

रविवारी रात्री जेवताना मी रूममेटला म्हटलं, "तू अर्धा बरोबर होतास. पोप हात घालू शकतो, आणि त्याने घातलाही. पण त्याने बंद नाही केलं." तो म्हणाला, "का नाही केलं?" मी म्हटलं, "कारण तो दूतावास बंद केला तर औषधांचा कंटेनर अडकतो, आणि तो ट्रक आणायचं काम दुसरं कोणी त्याच कागदावर करू शकत नाही." त्याने भात कालवता कालवता विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे उपयोग आहे तोवर चालणार." मी म्हटलं, हो.

आणि त्याला जे वाईट अर्थाने म्हणायचं होतं, ते मला अजिबात वाईट वाटत नाही. 'कामापुरतं सार्वभौमत्व' हा १९५३ चा निकाल ऑर्डरला तेव्हा अपमान वाटला असणार. पण विचार केला तर कुठल्याही देशाचं ते असंच असायला नको का? ज्या चारशेऐंशी वर्षांत ऑर्डरकडे जमीन होती त्या काळात तिने किल्ले बांधले, रुग्णालय बांधलं, आणि माणसं वल्ह्याला जखडली. जमीन गेल्यावर शेवटचं सुटलं आणि मधलं टिकलं. गॉटलंड घेतलं असतं तर ती बहुधा अजून एक छोटं राज्य झाली असती, आणि अशा राज्यांसारखीच पुसली गेली असती.

१९९८ च्या एका कराराने माल्टा देशाने ऑर्डरला सेंट अँजेलो किल्ल्याचा वरचा भाग ९९ वर्षांसाठी वापरायला दिलाय. दोनशे वर्षांनी जुन्या घरात भाड्याने एक खोली मिळावी तसं. यावेळी ससाणा नाही.

रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवर ऑर्डरच्या बंगल्याचं एक मोठं हिरवं दार आहे. दारासमोरचा चौक पिरानेझी या प्रसिद्ध कलाकाराने १७६५ च्या सुमारास सजवला. या दाराच्या कुलपाच्या भोकातून बघायला पर्यटकांची रांग लागते. भोकातून आधी ऑर्डरच्या बागेतली झाडांची कमान दिसते, मग पलीकडे रोम शहर, आणि बरोबर मध्यभागी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्सचा घुमट. एका नजरेत तीन सार्वभौम सत्ता. त्यातली सगळ्यात जवळची, जिच्या दाराला आपण डोळा लावलाय, तिच्याकडेच देश नाही. कधी रोमला जायचा योग आलाच, तर त्या रांगेत उभा राहीन म्हणतो.

तोवर ते सर्टिफिकेट डेस्कवर लावलंय. त्याची मुदत संपायच्या आत त्रिकोणी बँडेज एकदा तरी नीट बांधता यायला हवं.